भातात तणनाशक मारलं, तरी तण उभंच: कुठे चुकलं ते कसं शोधायचं

दरवर्षी जुलै सरत आला की मला फोन सुरू होतात. "दादा, औषध मारून १० दिवस झाले, पाखड तशीच हिरवी. बाटली नकली निघाली." पाखड म्हणजे भातात उगवणारं, भातासारखंच दिसणारं गवत. मी शिळफाट्याच्या पुढे, ठाणे तालुक्याच्या कडेला भात लावतो. गेली १४ वर्षं आसपासच्या गावांत आणि मुरबाड-शहापूरकडच्या पाहुण्यांच्या शेतांत फवारणीही करून देतो. बेणणीला, म्हणजे हाताने तण काढायला, माणूस मिळत नाही, ही आता सगळीकडचीच अडचण आहे. तरणी पोरं गोदामात नाहीतर एमआयडीसीत, आणि ज्या बायका ओळीने बसून अख्खं खाचर साफ करायच्या त्यांचे गुडघे आता चिखलात बसू देत नाहीत. तणनाशकावाचून भागत नाही ते त्यामुळे. पण औषध वाया गेलं तर नुसते बाटलीचे पैसे जात नाहीत. लावणीनंतरचे पहिले ४० दिवस हातचे जातात, आणि भाताचे फुटवे त्याच दिवसांत ठरतात.

इतक्या वर्षांत मी जेवढी फसलेली शेतं पाहिली, त्यांत बाटली खरोखर खराब निघाली असं क्वचितच झालं. सगळ्यात जास्त वेळा घात केला तो पाण्याने. त्याखालोखाल मापाने. म्हणून दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी खाली दिलंय त्या क्रमाने तपासा. आधी फुकटातल्या गोष्टी, मग थोड्या खर्चाच्या, शेवटी कष्टाच्या. हे सगळं चिखलणी करून लावलेल्या भाताबद्दल आहे. रहू टाकलेल्या (मोड आलेलं बी चिखलावर फेकलेल्या) किंवा टोकणलेल्या भाताचं गणित वेगळं, त्याचं जिथे आडवं येतं तिथे सांगतो.

आधी शेत बघा, ते काय सांगतंय

बांधावर उभं राहून सगळं खाचर एकदा नीट बघा. तण कुठे राहिलंय, यातच अर्धं उत्तर असतं.

- चालण्याच्या दिशेने पट्टे: एक पट्टा साफ, एक हिरवा. दोष नोझलचा किंवा चालण्याचा.
- मोरीजवळ (बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेजवळ), बांधालगत किंवा खाचराच्या उंच कोपऱ्यात तेवढंच तण. दोष पाण्याचा.
- बाकी सगळं गेलं, एकाच जातीचं तण राहिलं. औषध त्या तणाचं नव्हतंच.
- तण पिवळं पडलं, वाटलं मेलं, आणि १५ दिवसांत बुडातून परत फुटलं. तण मोठं झालं होतं किंवा माप कमी पडलं.
- सगळीकडे सारखंच तण, जणू काही मारलंच नाही. वेळ, पाऊस किंवा माप.
- भातच पिवळं, खुरटं. माप जास्त झालं, नाहीतर चुकीची बाटली आली.
- बांधावरची तूर, भेंडी, काकडी यांची पानं मुरगळली. औषध वाऱ्याने उडून तिथे गेलं, किंवा आधीचं औषध पंपात राहिलं होतं.

१. दिवस मोजा (खर्च: शून्य)

उगवलेल्या तणावर मारायचं बिस्पायरिबॅक सोडियम सावकाश काम करतं. ते पान जाळत नाही. तणाला वाढीसाठी लागणारी काही अमिनो आम्लं बनायची थांबवतं. तण आधी वाढायचं थांबतं, आठवड्याभरात पोगा (मधलं कोवळं पान) पिवळा पडतो, पुरतं वाळायला दोन ते तीन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी हिरवं दिसलं म्हणून घाबरून परत मारणारे मी दरवर्षी बघतो. दुसऱ्या हाताने तण लवकर मरत नाही, भाताला मात्र मार बसतो.

तणाचा पोगा दोन बोटांत धरून हलकेच ओढा. सहज सुटून आला आणि बुडाशी कुजल्यासारखा मऊ लागला, तर औषध लागलंय, वाट बघा. घट्ट असेल आणि मारल्यापासून नवीन पान आलं असेल, तर पुढे वाचा. याच औषधानंतर भातही ५-७ दिवस थोडं पिवळट दिसतं, ते आपणहून सावरतं. त्यावर युरिया ओतायची घाई करू नका.

२. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा

कंपनीचं मोठं नाव सोडा, खालचं घटकाचं नाव वाचा. दरवर्षी एकाच रंगाच्या बाटल्यांची अदलाबदल होते.

प्रेटिलाक्लोर ५० टक्के ईसी हे लावलेल्या भातासाठी आहे. त्याच प्रेटिलाक्लोरचं ३० टक्क्यांच्या आसपासचं एक रूप येतं, त्यात भाताच्या कोवळ्या मोडाला वाचवणारा घटक मिसळलेला असतो. ते चिखलावर पेरलेल्या भातासाठी. ५० टक्क्यांचं औषध कुणी राबावर (रोपं वाढवायच्या वाफ्यावर) किंवा रहू टाकलेल्या खाचरात मारलं, तर तणासोबत भाताचे मोडही बसतात. एका वर्षी आमच्याच गावात अख्खा राब असा गेला. मग शेजाऱ्यांकडून उरलेल्या रोपांच्या मुठी गोळा करून निम्मीच लावणी झाली.

मुदत बघा, बॅच नंबर बघा, लेबलवर 'भात' हे पीक आहे का ते बघा. ग्लायफोसेट हे निवडक औषध नाही, त्याला भात आणि पाखड सारखंच. कुणी कितीही सांगितलं तरी उभ्या भातात ते नेऊ नका.

३. राहिलेलं तण ओळखा

निवडक औषध म्हणजे पीक सोडून तण मारणारं, हे खरं. पण ते सगळीच तणं मारत नाही, हे आपण विसरतो. भातातली तणं तीन घरांची: गवतं, लव्हाळ्याच्या जातीची, आणि रुंद पानांची.

एक रोप मुळासकट उपटा आणि खोड बोटांत फिरवा. तीन धारा लागल्या तर ते लव्हाळ्याच्या घरचं. गोल किंवा चपटं लागलं तर गवत. रुंद पानाचं तर डोळ्यांनीच कळतं: माका, केना, चारपानी.

पाखड आणि भात कोवळेपणी इतके सारखे दिसतात की मुरलेली माणसंही फसतात. पान जिथे खोडापासून सुटतं ती बेचकी उघडून बघा. भाताला तिथे पांढरट पातळ पडदा असतो आणि दोन्ही बाजूंना केसाळ कान. पाखडीची बेचकी गुळगुळीत, ना पडदा ना कान. एकदा उजेडात धरून बघितलंत की जन्मभर विसरणार नाही. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती, पण ती बेणताना नुसतं बोट फिरवून पाखड काढायची. ते ती काय चाचपायची, हे मला फार उशिरा कळलं.

आता औषधाशी मेळ घाला. टू-फोर-डी, किंवा मेटसल्फ्युरॉन आणि क्लोरीम्युरॉनचं जोड औषध, ही रुंद पानांची आणि लव्हाळ्याच्या जातीची तणं घेतात; पाखडीला हात लावत नाहीत. सायहॅलोफॉप ब्युटाइल फक्त गवतं घेतं. बिस्पायरिबॅक तिन्ही घरांतली बरीच तणं घेतं, पण सगळी नाही, आणि गाठीवाल्या लव्हाळ्याचा वरचा भाग बसला तरी खालची गाठ परत फुटते.

देवभाताचा प्रश्न वेगळा. ते भाताचंच रानटी भावंड. बेचकीत पडदाही आहे, कानही आहेत, आणि जे औषध भाताला सोडतं ते त्यालाही सोडतं. त्यावर बाटली शोधत फिरू नका. लोंबी बाहेर पडली की लांब कुसळावरून ओळखू येतं. दाणे गळायच्या आत हाताने काढा, कारण त्याचे दाणे पिकता पिकताच झडतात आणि पुढच्या वर्षी तिथेच उगवतात.

४. लावणीची तारीख आणि फवारणीची तारीख

उगवणीआधीचं औषध, म्हणजे प्रेटिलाक्लोर किंवा ब्युटाक्लोर, लावणीनंतर पहिल्या ३ दिवसांत, फार तर ५ दिवसांत. ते बी रुजताना मारतं. वर आलेल्या, दोन-तीन पानं फुटलेल्या पाखडीवर त्याचा जोर चालत नाही. उगवल्यानंतरचं बिस्पायरिबॅक लावणीनंतर साधारण १० ते २० दिवसांत, तण ३-४ पानांवर असताना. दिवसांपेक्षा पानं मोजा, ती खोटं बोलत नाहीत.

आमच्याकडे एक गोष्ट ठरलेली आहे. ठाण्यात, ऐरोलीत, वाशीत नोकरी, गावी दीड एकर भात. लावणी एका रविवारी, औषध पुढच्या रविवारी. मधले ७ दिवस गेले की पहिल्या प्रकारचं औषध मारण्यात अर्थ उरत नाही. तुमचं असंच असेल तर लावणीच्या आधीच बाटली आणून घरी ठेवा आणि मंगळवारी-बुधवारी कोण मारणार ते आधीच ठरवा. ते जमणारच नसेल तर पहिलं औषध सोडून द्या आणि सरळ, लावणीचा रविवार धरून तिसऱ्या रविवारी, पानं मोजून, दुसरं मारा. अर्धवट दोन्ही मारण्यापेक्षा एक नीट मारलेलं चांगलं.

५. पाणी

इथे जरा थांबा, कारण दहातली पाच-सहा शेतं इथेच सापडतात.

प्रेटिलाक्लोर पाण्यावर पसरतं आणि चिखलाच्या अगदी वरच्या, जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या थरात बसतं. तणाचं बी याच थरात रुजतं, म्हणून मरतं. आपण लावलेल्या रोपाची मुळं त्याच्या खाली असतात, म्हणून रोप वाचतं. शिवाय भाताच्या अंगात या औषधाचे तुकडे करायची ताकद तणापेक्षा जास्त असते. तो थर अखंड राहिला तरच काम होतं. पाणी वाहून गेलं तर औषधही त्याच्याबरोबर जातं. खाचर कोरडं पडून भेगाळलं तर भेगेतून तण वर येतं. आणि औषधानंतर दोन दिवसांनी कुणी नांग्या भरायला (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायला) आत उतरलं, तर पावला-पावलाला थर फाटतो. मी एकदा एका शेतात पाखड बरोबर पावलांच्या अंतरावर उगवलेली पाहिली आहे.

म्हणून औषधाच्या वेळी २ ते ३ बोटं पाणी, आणि पुढे निदान ४-५ दिवस मोरी बंद. आपल्याकडे खाचरं एकाखाली एक. वरच्याचं पाणी खालच्यात, खालच्याचं ओढ्यात. वरच्या खाचराचा बांध फुटला की वरचा मालक म्हणतो औषध लागलं नाही, आणि खालच्याचं भात दुप्पट औषधाने पिवळं पडतं. भावकीतली भांडणं मी यावरून पाहिली आहेत.

गळती तपासायची सोपी रीत सांगतो. खाचरात एक काठी रोवा आणि पाण्याच्या पातळीवर खूण करा. शेजारी, त्याच उघड्यावर, एक बादली अर्धी पाण्याने भरून ठेवा आणि तिच्यातही आतून खूण करा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दोन्ही बघा. पाऊस पडला तर दोन्हीकडे सारखाच पडला असेल, ऊन पडलं तर दोन्हीकडचं सारखंच उडालं असेल. बादलीच्या मानाने खाचरातलं पाणी बोटभर किंवा त्याहून जास्त उतरलं, तर ते कुठूनतरी जातंय. नीट चिखलणी केलेली जमीन एका दिवसात एवढं पीत नाही.

मग बांध तपासा. गुन्हेगार बहुतेक वेळा मुठे, म्हणजे शेतातले खेकडे. त्यांचं बीळ वरून रुपयाएवढं दिसतं, पण आत बांधाच्या आरपार जातं. भावकीतल्या एका वहिनींच्या खाचरात तीन वर्षं ओळीने औषध फेल. चौथ्या वर्षी मी सकाळी लवकर गेलो, पाणी निवळलं होतं. बांधापासून हातभर आत चिखलावर बारीकशी रेघ दिसत होती आणि पाण्यावरचा भाताचा तूस हळूहळू त्या रेघेने सरकत होता. तुसाच्या मागे गेलो तर बांधाच्या बुडाशी बीळ. पलीकडे हात घातला तर थंड पाण्याची धार. चिकण मातीचे चार गोळे पायाने दाबून बसवले. त्या वर्षी तेच औषध, तेच माप, आणि खाचर स्वच्छ. वहिनी म्हणाल्या, "तीन वर्षं आम्ही ओढ्यालाच औषध पाजलं की रे." तेव्हापासून कुठल्याही शेतात पंप उचलायच्या आधी मी मूठभर तूस पाण्यावर टाकतो.

उगवल्यानंतरच्या औषधाला पाण्याचा हिशेब उलटा. बिस्पायरिबॅक पानावर पडावं लागतं. तण पाण्यात बुडलेलं असेल तर औषध पाण्यावर पडतं आणि फुकट जातं. फवारणीच्या आदल्या दिवशी पाणी काढा, तणाचा निदान दोन तृतीयांश भाग उघडा पडू द्या. मारल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा पाणी बांधा आणि आठवडाभर राखा, कारण पाण्याखाली पाखडीचं नवीन बी सहजासहजी वर येत नाही. हे दुसरं पाणी लोक विसरतात, आणि मग नव्याने उगवलेल्या तणाला जुनं तण समजून औषधाला नावं ठेवतात.

आणखी एक, मला फार कळकळीने सांगायचंय. ब्युटाक्लोर माशांना फार विषारी आहे. औषध मारलेल्या खाचरातलं पाणी ओढ्यात सोडू नका, आणि तिथले मासे-मुठे कुणाला धरू देऊ नका. पोरं रात्री बत्ती घेऊन निघतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

६. माप: एक गुंठ्याची परीक्षा

दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं: "पंपाला १० मिली." हे उत्तर चूकही नाही आणि बरोबरही नाही. बिस्पायरिबॅक १० टक्के एससीचं माप एकराला ८० ते १०० मिली. १५ लिटरचे १० पंप एकरात गेले, तर पंपाला १० मिली बरोबर बसतं. पण भरभर चालणारा गडी एकर ५ पंपांत उरकतो. म्हणजे एकराला ५० मिली. तण पिवळं पडतं, मरत नाही, आणि जगलेलं तण बी टाकून जातं.

म्हणून बांधावर किंवा अंगणात ३३ फूट बाय ३३ फूट जागा आखा. तो झाला एक गुंठा. पंपात साधं पाणी खुणेपर्यंत भरा. रोज चालता तसे चाला, तेवढीच जागा फवारा. मग लिटरच्या बाटलीने मोजून परत खुणेपर्यंत भरा. पावणेचार लिटर लागले तर ४० ने गुणा: एकराला १५० लिटर, १० पंप. दोनच लिटर लागले तर ८० लिटर, म्हणजे सव्वापाच पंप. आता एकराचं औषध तुमच्या पंपांत वाटा. ज्याच्या हातात पंप असणार त्यानेच ही परीक्षा द्यायची. तुमचं चालणं वेगळं, गड्याचं वेगळं.

प्रेटिलाक्लोर ५० ईसीचं माप एकराला ४०० ते ६०० मिली, पाणी २०० लिटरच्या आसपास. मेटसल्फ्युरॉन-क्लोरीम्युरॉन जोडाचं माप तर एकराला फक्त ८ ग्रॅम. ते झाकणाने, चिमटीने मोजायचं काम नाही. ८ ग्रॅमची पुडी आणि शेत १५ गुंठे असेल, तर पुडी आधी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा आणि त्यातलं ३७५ मिली घ्या. कोणत्याही औषधाचं माप लेबलशी ताडून घ्या. टक्केवारी बदलली की माप बदलतं. आणि आपलं शेत खरंच किती गुंठे आहे ते सातबाऱ्यावरून नाही, पावलांनी मोजा. सातबाऱ्यावर बांध, खाचखळगे, झाडाखालची जागा सगळं धरलेलं असतं.

७. नोझल आणि पंप (थोडा खर्च)

किडीच्या औषधाला जे गोल फवारा मारणारं नोझल लागतं, ते तणनाशकाला चालत नाही. त्याचे बारीक थेंब वाऱ्यावर उडतात आणि झोत मधून पोकळ असतो. तणनाशकाला पंख्यासारखं सपाट फवारणारं किंवा फ्लड जेट नोझल घ्या. महाग नाही. कोरड्या सिमेंटवर साधं पाणी मारून बघा: पट्टा सलग ओला झाला पाहिजे. मध्ये कोरडी रेघ राहिली तर भोक झिजलंय किंवा गाळ अडकलाय. तार घालून साफ करू नका, भोक मोठं होतं. जुन्या दात घासायच्या ब्रशने धुवा. ओढ्याचं गढूळ पाणी पंपात घालू नका, आणि लान्स (नोझल लावलेली पंपाची दांडी) गुडघ्याच्या उंचीवर एकसारखा धरा. इकडून तिकडे झुलवलात की मगाशी सांगितलेले पट्टे आलेच.

पंपाची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी टू-फोर-डी मारून पंप दोनदा पाण्याने खळबळला आणि चुलत भावाला भेंडीवर मावा मारायला दिला. आठव्या दिवशी भेंडीचे शेंडे कोयंड्यासारखे वाकले, पानं चिंचोळी झाली, आणि तो सगळा तोडा गेला. त्याचे पैसे मी भरून दिले, पण त्याच्या हातचा हंगाम काही मला परत देता आला नाही. तेव्हापासून माझ्या तणनाशकाच्या पंपावर लाल रंगाचा पट्टा आहे. बांधावर तूर, काकडी, भाजी असेल तर टू-फोर-डीचा विचारच करू नका. थोड्या वाऱ्यातही ते त्यांना इजा होण्याइतकं उडून जातं.

८. पाऊस

बिस्पायरिबॅकनंतर निदान ६ तास पाऊस नको. कोकणातल्या जुलैत ६ तासांची उघडीप मिळणं म्हणजे नशीब, हे मान्य. तरी सकाळी दव सुकल्यावर, वारा पडलेला असताना मारलं तर बऱ्याचदा दुपारपर्यंत वेळ मिळतो. सर लगेच आली तर त्या दिवशी परत मारू नका. १० दिवस थांबा, पोगा ओढून बघा, मग ठरवा.

९. दरवर्षी तेच औषध?

वरचं सगळं बरोबर असूनही एकच तण राहतं, तेव्हा हे बघा: एकाच जातीची, एकाच वयाची दोन रोपं शेजारी शेजारी, त्यातलं एक मेलेलं आणि एक ठणठणीत. आणि हे खाचरात ठिकठिकाणी दिसतंय. तर तणच त्या औषधाला सरावलं असण्याची शंका घ्या. हरियाणा-पंजाबात १९९० च्या दशकात गव्हातल्या फॅलॅरिस मायनर गवताचं असंच झालं. आयसोप्रोट्युरॉन वर्षानुवर्षं मारल्यावर ते गवत त्याला दाद देईना. बाटली बदलली म्हणजे औषध बदललं असं नाही. बिस्पायरिबॅक, पायराझोसल्फ्युरॉन, मेटसल्फ्युरॉन, पेनॉक्सुलॅम ही चारही तणाची एकच शीर धरतात. एक सोडून दुसरं घेतलंत तरी फार काही बदलत नाही. पाखडीसाठी एखाद्या वर्षी सायहॅलोफॉपकडे वळा, आणि उगवणीआधीचं औषध सोडू नका. जगलेली रोपं बी धरायच्या आत उपटून टाका.

१०. शेवटचं आणि कष्टाचं: खाचर सपाट करणं

दरवर्षी त्याच उंच कोपऱ्यात तण येत असेल तर तिथे कोणतंही औषध पुरं पडणार नाही, कारण तिथे पाणीच टिकत नाही. लव्हाळाही अशाच कोरड्या उंचवट्यावर माजतो. उन्हाळ्यात उंचवटा काढून खोलगटात भरा, बांध नव्याने चोपा. पाऊस लागल्यावर पहिली चिखलणी करून ८-१० दिवस थांबा, वरचं तण उगवू द्या, मग दुसऱ्या चिखलणीत ते गाडा. हे एक वर्ष केलं तर पुढची तीन-चार वर्षं औषधाचा खर्च कमी होतो, हा माझ्या स्वतःच्या पाऊण एकराचा अनुभव. टोकणलेल्या भातात पाणी उभं राहत नाही, म्हणून त्यांना हा उपाय नाही आणि वरची पाण्याची परीक्षाही नाही. त्यांनी औषध आणि माप कृषी विभागाकडूनच घ्यावं.

कुठे थांबायचं

दुसऱ्यांदा मारूनही तण राहिलं, तर तिसरी फवारणी नाही. माप दुप्पट करून तर कधीच नाही. निवडक औषध मापात असतं तोवरच निवडक असतं. माप ओलांडलं की भाताला ते पचवता येत नाही. भाताला पोटरी धरायला लागली (लोंबी पोटात भरायला लागली) की कोणतंही तणनाशक बंद. त्यापुढे विळा आणि हात. सरावलेल्या तणाची शंका, सगळं खाचर पिवळं पडणं, राब बसणं, शेजाऱ्याच्या पिकाला इजा होणं, या चारांपैकी काहीही झालं तर स्वतः उपाय करू नका. गावच्या कृषी सहायकाला (आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात) बोलवा, किंवा १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरवर विचारा. भाताच्या बाबतीत दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं कर्जतचं संशोधन केंद्र आपल्याला सगळ्यात जवळचं.

फवारताना किंवा नंतर गरगरलं, उलटी झाली, डोळे चुरचुरले, तर काम तिथेच टाका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, जबरदस्तीने उलटी काढू नका, १०८ ला फोन करा आणि बाटली लेबलसकट दवाखान्यात न्या. डॉक्टरला औषधाचं नाव कळलं तरच नेमका उपचार करता येतो.

बाटलीच खराब आहे असं तरीही वाटत असेल, तर रिकामी बाटली फेकू नका. त्याच बॅचची न फोडलेली बाटली असेल तर तशीच ठेवा, आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. जाताना पक्कं बिल घ्या, लेबलचा फोटो घ्या, लावणीची आणि फवारणीची तारीख, किती पंप गेले ते एका कागदावर लिहा. आणि राहिलेल्या तणाची दोन-तीन रोपं मुळासकट, ओल्या गोणपाटात गुंडाळून बरोबर न्या. नुसत्या पानाच्या फोटोवरून पाखड आणि भात कुणालाच वेगळे सांगता येत नाहीत.